डीडीटीला न जुमानणारा डास

भारतात १९५३ पासून घरांच्या भिंतींवर डीडीटी मारले जाऊ लागले आणि हिवताप झपाट्याने ओसरला. पण १९७६ मध्ये रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर! यंत्रणेची ढिलाई होतीच. शिवाय खेडोपाडीचा ‘अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसिस’ डास डीडीटीला दाद देईनासा झाला होता.

काही डासांत चेतापेशींवरच्या, सोडियम आत सोडणाऱ्या मार्गाची घडण जनुकीय बदलामुळे वेगळी असते. डीडीटी तिथे नीट चिकटत नाही. पायरेथ्रॉइड या दुसऱ्या कीटकनाशकांचा माराही नेमका तिथेच. त्यामुळे एकातून वाचलेला डास अनेकदा दुसऱ्यालाही पुरून उरतो.

हा प्रतिकार ओळखण्याची चाचणी मात्र साधी. कीटकनाशकाचा कागद लावलेल्या नळीत माद्या तासभर ठेवायच्या, २४ तासांनी मेलेल्या मोजायच्या. ९० टक्क्यांहून कमी मेल्या, तर प्रतिकार पक्का.