मुंग्या आल्या की...

टीव्हीवर मुंग्या आल्या की भवानी पेठेत आमचे अब्बा पत्र्यावर चढायचे. ‘दिसतंय का रे?’ ‘मुंग्याच आहेत, अब्बा!’

१९७३ पासून पुण्याला चित्र मिळे ते सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून. म्हणून अँटेनाच्या आखूड काड्या नैर्ऋत्येला, गडाकडे हव्यात. सर्वांत लांब काडी मागे. दिशा बरोबर असूनही मुंग्या हटल्या नाहीत, तर चपट्या वायरीचा गंजलेला सांधा खरवडून पुन्हा घट्ट आवळायचा. एका माणसाची दोन माणसं दिसली, तर शेजारच्या इमारतीवर आपटून लाटा उशिरा येताहेत असं समजायचं आणि अँटेना जरासा फिरवायचा.

२०२२ पर्यंत दूरदर्शनची जुनी जमिनीवरची प्रक्षेपणं जवळजवळ सगळी बंद झाली. आता दुरुस्ती कसली? अब्बाही नाहीत. अँटेना मात्र मी उतरवलेला नाही. त्याचं तोंड अजून गडाकडेच आहे.