चाकांवरील शयनगृह
मोटारीमागें जोडावयाची, अश्रुबिंदूच्या आकाराची छोटी शयनगाडी अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत लोकप्रिय झाली. आंत दोघांस निजण्यापुरती जागा. मागचें झांकण उचललें कीं स्वयंपाकाचा ओटा! ती घरीं बांधूं इच्छिणाऱ्या वाचकांनीं मात्र आमच्या ताडकळसचें ऊन आणि चिखल ध्यानांत घ्यावा.

थंड देशांतील कारागीर थंडी अडवितो. येथें वैशाखांत पारा ४२ अंशांपलीकडे जातो. म्हणून प्लायवुडच्या दोन फळ्यांमध्यें थर्माकोल भरतांना छताकडे अधिक लक्ष द्यावें व बाहेरून पांढरा रंग द्यावा. लोखंडी पट्टी आरपार गेली तर तिच्यावाटें उष्णता आंत येते. तेथें लांकूडच बरें. वाडवडील बैलगाडीच्या तट्ट्यावर घोंगडी टाकीत, त्यांतील तत्त्व हेंच: कोंडलेली हवा.

काळी माती ओली झाली कीं चाक व मडगार्ड यांमध्यें दाटून बसते. ती फट ऐसपैस असावी. एकूण वजनाचा सुमारें दहावा भाग जोडाच्या टोंकावर यावा, नाहीं तर गाडी वेगांत हेलकावे खाते.

सर्वांत गंभीर गोष्ट श्वासाची. उष्णता अडविणारी पेटी वाराही अडविते. पौषांत आंत शेगडी ठेवून निजणें म्हणजे मृत्यूस आमंत्रण. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, निजलेल्यास जागही येत नाहीं. खालीं व वर झडपा ठेवाव्याच. पण त्या आहेत म्हणून शेगडी आंत नेऊं नये. वडीलधाऱ्यांस थंडी वाजली तर आणखी एक दुलई द्यावी.

१९८८ च्या कायद्यान्वयें अशी ओढगाडीही मोटार वाहनांतच मोडते. लोखंड खरेदी करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत चौकशी करावी.