शेवटचा अँगल

पाबळ म्हटलं की पुण्याकडच्या माणसाला आधी मस्तानीची कबर आठवते. मी मात्र तिथं गेले ती एका लोखंडी सांगाड्याच्या ओढीनं. मार्कांच्या पलीकडे पाहणाऱ्या शाळांवर लिहायचं ठरलं, तेव्हा संपादकांनी शहरांतल्या तीन-चार प्रयोगशील शाळांची नावं पुढे केली होती. चांगल्याच शाळा त्या. पण तिथं येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरात पुस्तकं असतात, आईबाप शिकलेले असतात. मला पाहायचं होतं ते शाळेनं बाहेर टाकलेल्या पोरांचं काय होतं हे. नववीत बसलेली, दहावीला गणित-इंग्रजीत उडालेली, ‘ह्याच्याच्यानं काही व्हायचं नाही’ हे घरी आणि वर्गात दोन्हीकडे ऐकलेली पोरं. शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावातला विज्ञान आश्रम अशांसाठी उभा राहिला.

इतिहास थोडक्यात सांगते. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानाचे शास्त्रज्ञ. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात डॉक्टरेट, मग म्हैसूरची सीएफटीआरआय, मग हिंदुस्थान लिव्हरचा संशोधन विभाग. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि 1983 मध्ये पाबळला बिऱ्हाड मांडलं. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं केंद्र म्हणून आश्रम सुरू झाला. खेड्यातल्या पोराला शिकता येत नाही हे त्यांना मान्य नव्हतं. तो सायकल खोलतो, पंप चालू करतो, बैलाची नाडी ओळखतो, म्हणजे तो शिकतोच आहे. शाळा त्याच्या शिकण्याच्या वाटेनं जात नाही, एवढंच. म्हणून त्यांनी कामातून शिक्षण असा क्रम लावला आणि त्याचे चार विभाग केले: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. चारही सगळ्यांनी शिकायचे. मुली वेल्डिंग करतात, मुलगे हिमोग्लोबिन तपासतात. खेड्याला एकाच कामात तरबेज माणूस परवडत नाही, चार कामं जाणणारा लागतो, हा त्यामागचा साधा हिशेब.

आता अंगणातला सांगाडा.

मी पोचले तेव्हा सात-आठ पोरं घुमट उभा करत होती. लोखंडी अँगलचे त्रिकोण जोडत जायचे, त्यावर कोंबडीजाळी ताणायची, वरून सिमेंटचा गिलावा द्यायचा, की बिनखांबाची गोल खोली तयार. पाबळचा घुमट म्हणून हा प्रकार ओळखला जातो. भिंत आणि छप्पर वेगळं नसल्यामुळे माल कमी लागतो. पण मला त्यातल्या गणितानं धरून ठेवलं.

त्रिकोणच का, हे निदेशक फळ्यावर सांगत नाहीत. आधी चार अँगल नट-बोल्टनं जोडून चौकोन करायला लावतात. एका कोपऱ्याला धक्का दिला की चौकोन कलतो, पतंगासारखा होतो. मग तीन अँगलचा त्रिकोण. कितीही ढकला, हलत नाही. हलायचा तर एखादी बाजू तरी वाकली पाहिजे. मी भूमितीत त्रिकोणाच्या एकरूपतेच्या कसोट्या पाठ केल्या होत्या. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला, हे वाक्य मला पंचवीस वर्षांनी तिथं हाताला कळलं.

अर्ध्या गोलाच्या साध्या घुमटाला 65 अँगल लागतात, पण फक्त दोन मापांचे: 35 लांब, 30 आखूड. घुमटाच्या त्रिज्येला 0.618 नं गुणलं की लांब अँगल मिळतो, 0.547 नं गुणलं की आखूड. म्हणजे सहा मीटर व्यासाच्या खोलीला एक 1 मीटर 85 सेंटिमीटरचा आणि दुसरा 1 मीटर 64 सेंटिमीटरचा. पोरांनी दोन रंगांचे पट्टे मारून ठेवले होते. एकूण सांधे 26. काही ठिकाणी पाच अँगल येऊन मिळतात, काही ठिकाणी सहा, तळाच्या कड्याला चार. कुठे कुठला रंग लावायचा ते चुकलं तर पुढच्या चार जोडांनंतर कळतं.

ती पोरं वर चढत चढत टोकापर्यंत आली होती. शेवटचा अँगल उरला. दोन्ही टोकांच्या भोकांत बोल्ट घालायचा होता. एका टोकाला गेला, दुसऱ्या टोकाला भोकासमोर भोक येईना. बोटभर फरक. एकानं खांदा लावला, दुसऱ्यानं टॉमी घातली. सांगाडा करकरला, पण भोक आलं नाही.

खाली उभ्या असलेल्या निदेशकांकडे सगळ्यांनी पाहिलं. मलाही वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी फक्त विचारलं, “कुठला?”

तीन अक्षरी विचारणा, पण सगळी टोळी टेप घेऊन कामाला लागली. आता 64 अँगल पुन्हा मोजायचे होते. अर्ध्या तासानं एका पोरानं तळाच्या कड्यातल्या लांब अँगलवर बोट ठेवलं. मापं भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंत घ्यायची असतात. त्यानं चार अँगलना टोकापासून टोकापर्यंत मोजून भोकं पाडली होती. प्रत्येकात काही मिलिमीटरचीच चूक. पण चूक जोडाजोडानं पुढे सरकत वर आली होती. तो पोरगा स्वतःच म्हणाला, “सर, माझेच हायेत हे.” कुणी हसलं नाही. पाने निघाले आणि कडं सोडवायला सुरुवात झाली.

मी वर्गात वर्षानुवर्षं पेपर तपासलेत, शिक्षिका होते तेव्हा. चार मिलिमीटरच्या चुकीला मी अर्धा मार्क कापला असता, मुलानं तो सोडून दिला असता आणि आम्ही दोघं पुढच्या धड्याला गेलो असतो. इथं पुढे जाता येत नाही. घुमट मिटेपर्यंत तो धडा संपत नाही. आणि चूक सापडली की ती मुलाची लायकी ठरत नाही, त्याचं उरलेलं काम ठरते.

तेच जमिनीतलं पाणी शोधण्याचं. आश्रमाची ही फार जुनी कामगिरी. चार सळ्या एका रेषेत सारख्या अंतरावर ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळ्यांतून करंट सोडायचा, आतल्या दोन सळ्यांमधलं व्होल्टेज मोजायचं. व्होल्टेज भागिले करंट, गुणिले 2π, गुणिले सळ्यांमधलं अंतर, की जमिनीची विद्युत रोधकता आली. सळ्या दूर दूर नेल्या की करंट खोल उतरतो. मग आलेख. अखंड काळा पाषाण असेल तिथं रेषा चढत जाते, भेगाळ, ओला थर असेल तिथं ती खाली बसते. नववीच्या मुलाला आलेख कशासाठी काढायचा हे पुस्तक सांगू शकत नाही. इथं बांधावर शेतकरी उभा असतो आणि कर्ज काढून बोअर घ्यायची की नाही, हे तो त्या आलेखावरून ठरवणार असतो. गाईचं वजन काट्याविना काढणं त्यातलंच: छातीचा घेर इंचांत मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, अंगाच्या लांबीनं गुणायचं, 300 नं भागायचं, वजन पौंडांत. वर्ग का, असं एका मुलीनं विचारलं म्हणे, आणि त्या दिवशी वर्तुळाचं क्षेत्रफळ आणि वृत्तचितीचं घनफळ दोन्ही गोठ्यात शिकवून झालं.

2002 मध्ये एमआयटीच्या नील गेर्शेनफेल्ड यांच्या मदतीनं इथं फॅब लॅब आली, संगणकावर काढलेली वस्तू कापून देणारी यंत्रं आली. त्यावर बरंच लिहिलं गेलंय. पुढच्याच वर्षी कलबाग गेले. काम चालू राहिलं.

आश्रमात हे सगळं होतं, याचं मला नवल वाटलं नाही. तिथं पोरं राहायला असतात, दिवस पूर्ण त्यांचा असतो. खरी परीक्षा साध्या शाळेत. कलबागांना तेच हवं होतं: आठवी, नववी, दहावीला आठवड्यातला एक दिवस कामाचा. राज्याच्या एसएससी बोर्डानं हा विषय मान्य केला, गावोगावच्या शाळांत ‘आयबीटी’ नावानं तो रुजला. शिकवायला शक्यतो गावातलाच हुन्नरी माणूस निदेशक म्हणून घ्यायचा आणि मुलांनी गावाची कामं घ्यायची: नळदुरुस्ती, बाकांचं वेल्डिंग, वायरिंग, मातीपरीक्षण. कामाचे पैसे घ्यायचे, हिशेब मुलांनी लिहायचा.

कागदावर हे किती सरळ दिसतं! पण वेल्डिंगचे रॉड संपतात, आणि खडूच्या खर्चावर चालणाऱ्या शाळेला रॉडचा खर्च झेपत नाही. निदेशक शासनाच्या पगारावर नसतो. त्याचं मानधन संस्था, देणगीदार, ग्रामपंचायत यांच्या मर्जीवर. चांगला वेल्डर गावात तिप्पट कमावतो, तो शाळेत किती दिवस टिकेल? वर पालक म्हणतात, हातात पाना धरायला पोरगं शाळेत घातलं का? त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही. ज्यांच्या पिढ्यांनी हातानंच कामं केली, त्यांना शाळा म्हणजे त्या कामातून सुटकेची एकमेव वाट वाटते.

आणि हे आपल्याकडे पहिल्यांदा घडत नाही. 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली. सुताच्या चरख्याभोवती भूमिती, इतिहास, हिशेब गुंफायचे होते. देशानं ती हळूहळू बाजूला ठेवली. कोठारी आयोगानं साठच्या दशकात कार्यानुभव सुचवला. तो माझ्या शाळेत पोचला तेव्हा आठवड्याचा एक तास आणि शेवटी एक श्रेणी एवढाच उरला होता. आम्ही बाजारातून तोरण विकत आणून जमा करायचो. बाईंना ठाऊक असायचं. कुणाच्या दाराला ते तोरण हवंय, असं कुणी विचारलंच नव्हतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पुन्हा तेच आलंय: सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, 2025 पर्यंत किमान 50 टक्के विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाची ओळख. ओळख हा शब्द मला खुपतो. दहा दिवसांत ओळख होते, शेवटचा अँगल बसवण्याची वेळ येत नाही.

पाबळहून परतताना वाटेतल्या एका हायस्कूलमध्ये थांबले. तिथं आयबीटी चालतो असं कळलं होतं. कामाच्या खोलीला कुलूप होतं. जानेवारी लागल्यापासून दहावीच्या जादा तासांसाठी तो दिवस घेतला गेला होता आणि आठवीचाही सोबत गेला होता, कारण निदेशक एकच. मुख्याध्यापक प्रामाणिकपणे म्हणाले, “मॅडम, निकाल खाली आला तर मुलं तालुक्याच्या शाळेत जातात. शाळाच उरली नाही तर आयबीटी कुठं घ्यायचा?” मला उत्तर सुचलं नाही.

निदेशक तरीही आला होता. ड्रिलच्या चकला तेल घालत बसला होता. गंज चढू नये म्हणून. आम्ही बोलत असताना फाटकाशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. आठवीच्या पोरींनी तिच्या घरचा नळ उघडून ठेवला होता, वायसर आणायचं राहिलं होतं, आणि मधेच दिवस बंद झाला. निदेशकानं तिला परीक्षेचं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“परीक्षा व्हऊ द्या की बाबा,” ती म्हणाली, “पन पोरी कवा येनार? मी बादली लावून बसलीया.”