रुमालाखालचा भाव

दोन बाजारपेठा एकमेकींशी सांधलेल्या आहेत असे तेव्हाच म्हणावे, जेव्हा त्यांच्या दरांतील तफावत वाहतूक व दलाली यांच्या खर्चापलीकडे फार काळ टिकत नाही. ही कसोटी धान्याला सुखेनैव लागू पडते. महाराष्ट्रातल्या गुरांच्या बाजाराला लावू जाता मात्र ती डळमळते, कारण ज्वारीचे पोते प्रतवारीने विकता येते, पण प्रत्येक बैल ही स्वतःच एक निराळी प्रत असते. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात खिलार खोंडाचा जबडा उघडून तो आदत (अजून दुधाचेच दात असलेला) की दोनदाती हे पाहिले जाते, खूर, शिंगे, चाल आणि भोवरे निरखले जातात, आणि मग रुमालाखाली दलालाची व गिऱ्हाइकाची बोटे गुंतून, शेजारी उभ्या असलेल्यासही अवाक्षर न कळता, सौदा ठरतो. रीत मोठी देखणी खरी. परंतु जो भाव शेजाऱ्याला कळत नाही, तो काष्टीच्या वा लोणीच्या गुरांच्या बाजारात कसा पोचावा? बाजार समितीची पावती विक्रीची साक्ष देते, गुणांची नव्हे. भावाची वार्ता मुलूखभर नेतो तो आठवडी बाजारांतून फिरणारा हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी. हल्ली त्याच्या हाती मोबाइल आला आहे, एवढेच.

बाजारांच्या या सांध्याला कायद्याने आणि रोगानेही तडे दिले. २०१५ मध्ये राज्यातील गोवंशहत्याबंदी बैल व वळू यांनाही लागू झाली, म्हशी मात्र तीतून वगळल्या गेल्या. साहजिकच भाकड म्हशीला जे गिऱ्हाईक उरले, ते थकलेल्या बैलाला उरले नाही. पुढे २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाने गुरांचे बाजारच बंद पाडले, आणि जनावर दावणीलाच राहिले.