260 मीटरचा रूळ, 46 मीटरचं सागवान

भिलाईच्या कारखान्यातून रूळ घेऊन निघालेली मालगाडी एकदा तरी वळणावर बघावी. 130 मीटरचा एक अखंड रूळ, असे दोन जोडून 260 मीटरची एक लांबी, आणि ती एकामागोमाग जोडलेल्या वाघिणींवर पसरलेली. वळण आलं की पोलाद वेतासारखं वाकतं, वळण संपलं की पुन्हा सरळ. मीटरला 60 किलो धरले तर अशा एका लांबीचं वजन साडेपंधरा टनांच्या वर जातं.

आपली विमानवाहू युद्धनौका ‘विक्रांत’ 262 मीटर लांब आहे. म्हणजे या रुळापेक्षा फक्त दोन मीटर जास्त! तिच्यासाठी भिलाई, बोकारो आणि राउरकेला मिळून सुमारे 30 हजार टन खास पोलाद गेलं. तेवढ्या पोलादाचे रूळ काढले असते तर 500 किलोमीटर भरले असते. जोडीनं अंथरले तर दुर्गहून निघून नागपूर जवळजवळ गाठलं असतं. समुद्रापासून इतक्या आत राहणाऱ्या आम्हा भिलाईकरांना या हिशेबाचा अभिमान वाटतो.

आता त्याच रुळाशेजारी एक लाकडी नौका ठेवू. तोफांच्या मजल्यावर मोजली तर साधारण 46 मीटर. अशा पाच नौका मागंपुढं लावल्या तरी 30 मीटर रूळ उरतो. पाण्यात तिचं वजन 1,450 टनांच्या आसपास. विक्रांतच्या तागडीत अशा तीसेक नौका मावतील. तिचं नाव ‘त्रिंकोमाली’. मलबारच्या सागवानातून जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी ती मुंबईच्या गोदीत इंग्रजांच्या आरमारासाठी बांधली. आकारात ती भिलाईच्या मालापुढं किरकोळ आहे. तिचा खरा आकडा वर्षांचा आहे.

12 ऑक्टोबर 1817 ला ती पाण्यात उतरली. त्या दिवशी पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता. खडकीची लढाई झाली ती त्यानंतर 24 दिवसांनी. पेशवाई गेली, कंपनी गेली, राणीचं राज्य आलं नि गेलं, आणि हे सागवान अजून तरंगतंय. ब्रिटनच्या, आजही पाण्यावर असलेल्या युद्धनौकांत सर्वांत जुनी हीच.

तिच्या जन्माची गोष्टही विलक्षण आहे. बांधणीचे नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ या जहाजानं मुंबईला यायचे होते. डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यापलीकडं अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नं जावाला गाठलं आणि संपवलं. नकाशे जहाजाबरोबर गेले. नव्यानं पाठवावे लागले, कील, म्हणजे नौकेच्या तळाचा कणा, पडायला 1816 उजाडलं. वाडियांच्या रिवाजाप्रमाणं त्या कीलमध्ये चांदीचा खिळा ठोकला गेला. आणि ज्या कॉन्स्टिट्यूशननं नकाशे बुडवले, ती 1797 ची लाकडी नौकाही आज बॉस्टनला पाण्यावर उभी आहे. दोघींचं वय मिळवलं तर चारशेच्या वर जातं.

सागवान इतकं टिकतं कसं? त्याच्या अंगात तेल असतं, म्हणून कीड आणि कूज लवकर लागत नाही. ओकच्या लाकडातलं आम्ल लोखंडी खिळे खातं, खिळा गंजला की भोवतीचं लाकूडही जातं. सागवानात लोखंड सुखानं राहतं. पोलादाच्या गावात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट विशेष भावते.

पण नुसत्या लाकडानं दोनशे वर्षं निघत नाहीत. 1819 मध्ये इंग्लंडला पोचल्यावर ही नौका छप्पर घालून बाजूला ठेवली गेली ती थेट 1845 पर्यंत. पुढं दोन मोठ्या सफरी, मग सरावाचं जहाज, आणि 1897 मध्ये भंगारवाल्याच्या हाती. त्याच वर्षी जॉफ्री व्हीटली कॉब या गृहस्थाची नौका ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटली. साधीसुधी नव्हे, एकेकाळी नेल्सनचं निशाण मिरवलेली ‘फूद्रॉयां’. स्वतःचा पैसा ओतून त्यानं ती भंगारातून सोडवली होती. दुसऱ्या कोणी हात टेकले असते. कॉबनं मुंबईची ही म्हातारी नौका विकत घेतली, बुडालेलीचं नाव तिला दिलं आणि तिच्यावर पोरांना दर्यावर्दी शिक्षण द्यायला लागला. तो 1931 मध्ये वारला. त्याच्या पत्नीनं नौका पुढच्या हातांत सोपवली आणि 1986 पर्यंत ती शाळा चालू राहिली. मला या सगळ्या आकड्यांत हा माणूस सर्वांत मोठा वाटतो.

मग इंग्लंडमधल्या हार्टलपूलला दुरुस्ती सुरू झाली. 1990 ते 2001, खर्च सुमारे 1 कोटी 5 लाख पौंड. बांधताना लागले होते 23 हजारांच्या आसपास. महागाई बाजूला ठेवून नुसते आकडे मांडले तर साडेचारशेपट! मूळचं नाव परत मिळालं, आणि मुंबईत बसवलेलं बरंचसं सागवान आजही तिच्या अंगात आहे.

पाण्यात उतरल्यापासून ती दुरुस्ती पुरी होईपर्यंत 184 वर्षं गेली. आमच्या पोलादाची विक्रांत ऑगस्ट 2013 मध्ये कोचीला पाण्यात उतरली. तिला तेवढं वय गाठायला 2197 साल यावं लागेल.