भुईकडून येणारी थंडी

महाडची थंडी पाऱ्यावर मोजायला गेले तर हाती फारसे काही लागत नाही. ऐन पौषातही इथला पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली क्वचितच उतरतो. तरीही चवदार तळ्याच्या काठाने पहाटे फिरणारी माणसे कानटोपी-शालीशिवाय घराबाहेर पडत नाहीत, कारण ही थंडी ओली आहे. सावित्री आणि गांधारीच्या खोऱ्यात रात्रभर दंव पडते आणि नदीवर बसलेले धुके ऊन वर येईपर्यंत हलत नाही. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत, मातीत उरलेल्या ओलीवर आणि या दंवावर रायगडचे कडवे वाल पोसतात. वालाला मानवणारी ही हवा उघड्यावर झोपणाऱ्या माणसाला मात्र मानवत नाही.

आणि उघड्यावर झोपणे या गावाला नवे नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ‘पद्मावती’ बोटीने दासगावला उतरून चालत महाडला आले. अस्पृश्यांच्या सत्याग्रह परिषदेला जागा द्यायला गावात कोणी पुढे येईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली आणि तिथे मांडव पडला. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. परिषद २७ तारखेपर्यंत चालली. कोकणातून आणि देशावरून आलेल्या हजारो माणसांना सवर्णांच्या ओसऱ्या बंद होत्या. डिसेंबरातल्या त्या रात्री त्यांनी काढल्या त्या मांडवात आणि त्याच्या आसपासच्या भुईवर. खांद्यावर घोंगडी आणि हातात घुंगुरकाठी, असा गावोगावी वेस राखणाऱ्या वेसकराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा सरंजाम होता. ज्यांना गावाने वेशीत आणि चावडीबाहेर रात्र काढायला लावले, त्यांना थंडीत भुईवर कसे निजावे हे कुणी शिकवायची गरज नव्हती. हौसेच्या मुक्कामासाठी अंथरूण-पांघरूण कसे निवडावे, हे महाडच्या संदर्भात लिहिताना ही गोष्ट आधी सांगणे मला आवश्यक वाटते.

आता हौसेचा मुक्काम वाढला आहे. रायगडच्या पायथ्याशी पाचाडच्या परिसरात, वर तापोळ्याला शिवसागर जलाशयाच्या काठाने, हिवाळ्यातल्या शनिवारी तंबू लागतात. आजी-नातवंडांसह घरेच्या घरे येतात. खाली वालाच्या मळ्यांत पोपटी लागते: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मडके पालथे घालून भोवती जाळ. पोपटी खाऊन झाली की तिथेच मळ्यात आडवे व्हायचा मोह सगळ्यांनाच होतो. आणि मग पहाटे तीनच्या सुमारास मुले कुडकुडत उठतात. बहुतेक घरांत अशा वेळी आणखी एक पांघरूण वरून टाकले जाते. त्याने फारसा फरक पडत नाही.

का पडत नाही, हे पाहायचे तर महाड-पोलादपूरच्या शेतांत दिवाळीनंतर उतरणाऱ्या मेंढपाळांचे अंथरूण पाहावे. माण-खटाव-फलटणकडची धनगर कुटुंबे कळप घेऊन घाट उतरतात आणि मोकळ्या खाचरांत मेंढरे बसवतात. शेताला खत मिळते, बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. (पोलादपूरच्या डोंगरमाथ्यांवरचे गवळी धनगर वेगळे; त्यांची गाई-म्हशींची खिल्लारे आणि कायमचे वाडे.) या बिऱ्हाडात तान्ही मुले असतात, म्हातारी माणसे असतात, कोंबड्या असतात आणि सगळा संसार तट्टाच्या पाठीवर मावेल एवढाच असतो. घर बरोबर घेऊन थंडीत उघड्यावर राहण्याची विद्या महाराष्ट्रात कोणाकडे असेल तर ती यांच्याकडे आहे.

संध्याकाळी वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरे कोंडून झाली की बाई अंथरूण घालते. जागा ती आधीच हेरून ठेवते: ओढ्याच्या काठापासून दूर, खाचराच्या वरच्या अंगाला, जमल्यास आंब्याखाली. ढेकळे हाताने फोडून भुई सारखी केली जाते. त्यावर शेतकऱ्याकडून मागून आणलेला भाताचा पेंढा चांगला वीतभर पसरला जातो. माणूस आडवा झाला की तो दबून चार बोटे उरतो. पेंढ्यावर जाड काळी घोंगडी, तीही दुहेरी. तिच्यावर जुन्या लुगड्याचा मऊ पदर. मग मुले मध्ये, मोठी माणसे कडेला आणि सगळ्यांवर मिळून एक-दोन गोधड्या. खाली तीन थर आणि वर एक-दोन. एवढे खाली कशाला, असे विचारल्यावर एका बाईने मला सांगितले, “वरनं कितीबी घ्या, भुई काय थांबत न्हाई.”

तिचे म्हणणे शब्दशः खरे आहे. पांघरूण स्वतः ऊब देत नसते; धाग्यांत अडकलेली, न हलणारी हवा ऊब धरून ठेवते. माणूस आडवा झाला की पाठीखालचे सगळे मऊ, फुगीर साहित्य त्याच्या वजनाने चेपते, हवा निघून जाते आणि त्वचेचे तेहतीस-चौतीस अंश थेट जमिनीत वाहू लागतात. जमीन ओली असेल तर आणखी जोरात, कारण पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पटींनी जास्त उष्णता वाहून नेते. महागडी स्लीपिंग बॅग घेतलेल्या माणसाचीही पाठ गारठते ती याचमुळे: बॅगेचा खालचा अर्धा भाग त्याच्याच वजनाखाली निकामी झालेला असतो.

सहलीच्या मुक्कामात सर्वांत फसवी वस्तू म्हणजे पंपाने फुगवायची हवेची गादी. वीतभर जाड, मऊ, दिसायला सुखाची. पण तिच्या पोटातली हवा मोकळी असते. अंगाजवळची कोमट हवा आणि जमिनीजवळची गार हवा आत रात्रभर फिरत राहते आणि गादी अंगातली ऊब जमिनीला देत राहते. खालच्या अंथरुणाची थंडी अडवण्याची ताकद ‘आर-व्हॅल्यू’ नावाच्या आकड्यात सांगतात. साध्या हवेच्या गादीचा हा आकडा बहुधा एकच्याही खाली असतो. दीड-दोन सेंटीमीटरच्या, बंद बुडबुड्यांच्या फोमच्या पट्टीचा दोनच्या आसपास. सगळ्यांत उपयोगाची गोष्ट अशी की हे आकडे एकावर एक ठेवले की बेरजेत जातात. हवेची गादी आधीच घेतलेली असेल तर टाकून देऊ नका; तिच्यावर, म्हणजे अंगाच्या बाजूला, फोमची पट्टी किंवा दुहेरी घोंगडी घाला. खाली पेंढा घातला तर उत्तमच. भातकापणीनंतर या भागात पेंढ्याला तोटा नसतो. मात्र तो कोरडा हवा, आणि तंबूत पेंढा असेल तर जवळपास विस्तव नको.

घोंगडीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे, कारण इथल्या ओल्या थंडीला तिच्याइतके जुळणारे दुसरे काही मला माहीत नाही. ती दख्खनी मेंढीच्या लोकरीची. ही लोकर राठ, बहुतांशी काळी. एका मेंढीपासून वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो मिळणारी. म्हणजे एका बऱ्यापैकी घोंगडीत अनेक मेंढ्यांची वर्षभराची लोकर जाते. कातरणी वर्षातून दोनदा. सूत धनगर बायका कातायच्या, विणकाम मुख्यतः सणगर करायचे, आणि ताण्याला बळ यावे म्हणून चिंचोक्याची खळ लावायचे. न विणता, लोकर पाण्याने भिजवून दाबून घट्ट केलेले जेनही असते. बसायला-निजायला ते फार चांगले. राठपणा हा लोकरीचा दोष मानला जातो. पाठीखाली मात्र तोच गुण ठरतो: हे जाड, कुरळे तंतू वजनाखाली कापसासारखे पार चेपत नाहीत, आणि त्यामुळे हवा टिकते. दुसरा गुण दंवाच्या बाबतीतला. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. ओल शोषताना थोडी उष्णताही बाहेर टाकतो. कापसाचे असे नाही. सोलापुरी चादर दमट झाली की अंगाला चिकटते आणि ऊब गमावते.

बाजारात घोंगडी म्हणून जे विकले जाते, त्यात आज गिरणीतले भेसळीचे कापड बरेच आहे. पारख सोपी आहे. कडेचा एखादा धागा ओढून काडेपेटीने पेटवावा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, ज्योत आपोआप विझते आणि उरलेली काळी राख चिमटीत चुरडली जाते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याचा टणक मणी उरतो. चांगला विकणारा या परीक्षेला नाही म्हणत नाही. खरी घोंगडी टोचते, पहिले काही दिवस वासही येतो. म्हणून अंगाशी सुती लुगडे किंवा चादर हवीच. दख्खनी लोकरीचा भाव इतका पडला आहे की कातरणीची मजुरी निघत नाही म्हणून मेंढपाळ ती टाकून देतात आणि मटणासाठी वाढणाऱ्या जातींकडे वळतात. आपण दुकानातून परदेशी लोकरीचे पातळ ब्लँकेट आणायचे आणि आपल्याच माळावरची लोकर बांधावर कुजू द्यायची, हे मला फार खटकते.

गोधडी वरून घ्यावी. जुनी लुगडी आणि धोतरे थरावर थर ठेवून घरच्या बायकांनी धावदोऱ्याने शिवलेली, देशावर जिला वाकळ म्हणतात तीच. थरांमध्ये हवा राहते आणि तिच्या वजनाने ती अंगाला लपेटून बसते. लहान मुलांना त्या वजनाने लवकर झोप लागते असा घरोघरचा अनुभव आहे. पण ती कापसाची आहे, हे विसरू नये. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर टाकतो. चौघे तंबूत असले तर जवळजवळ लिटरभर. तंबूच्या खिडक्या थंडीच्या भीतीने गच्च लावल्या की तेच पाणी कापडाच्या आतून थेंब धरते आणि भिंतीला टेकलेली गोधडी पहाटेपर्यंत भिजते. वरची झडप उघडी ठेवावी आणि अंथरूण भिंतींपासून हातभर आत घ्यावे.

घाट चढायचा असेल तर हिशेब बदलतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने चाळीसएक किलोमीटरवर महाबळेश्वर, उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतार धरला तर महाडपेक्षा आठ-नऊ अंशांचा फरक पडतो. वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याची बातमी बहुतेक हिवाळ्यांत येते, तीही हवेचा पारा शून्याच्या वर असताना. निरभ्र रात्री जमीन आणि गवत आपली उष्णता थेट आकाशात सोडून हवेपेक्षा गार होतात. त्यात गार हवा जड असल्याने उतारावरून घसरत खोलगट जागी आणि पाण्याकाठी साचते. म्हणून तलावाच्या कडेचा तंबू फोटोला चांगला आणि झोपेला वाईट. धनगर बाई ओढ्यापासून दूर आणि आंब्याखाली अंथरूण घालते त्यामागे हेच आहे: झाडाचे छत्र आकाशाला आडवे येते.

वर जाताना स्लीपिंग बॅग घेण्यात शहाणपण आहे, पण तिच्यावरचे आकडे समजून घ्यावेत. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तपासलेल्या बॅगेवर निदान दोन तापमाने असतात. ‘कम्फर्ट’ हा आकडा सर्वसाधारण स्त्री आरामात झोपेल असा. ‘लिमिट’ हा सर्वसाधारण पुरुष अंग आखडून रात्र काढेल असा. दुकानात मोठ्या अक्षरांत बहुधा दुसराच छापलेला असतो. घरच्यांसाठी नेहमी पहिला पाहावा. हे आकडे खाली चांगली पट्टी आणि अंगात पूर्ण कपडे गृहीत धरून काढलेले असतात. आणि मुलांना ते लागू होतच नाहीत: मानक मुलांच्या बॅगा वगळते, कारण त्यांच्या शरीरासाठी असा आकडा काढण्याची खात्रीची पद्धत नाही. लहान मुलाला मोठ्या माणसाच्या बॅगेत एकटे घातले तर ती सगळी रिकामी जागा त्यालाच तापवावी लागते. आपल्याकडची एका पांघरुणाखाली मुले मध्ये घेऊन निजण्याची रीत इथे अधिक चांगली. तान्ह्या बाळाची मात्र वेगळी व्यवस्था हवी. जड गोधडी त्याच्या तोंडावर येता कामा नये. आजी-आजोबांना पहाटे उठावे लागते, म्हणून त्यांची जागा दाराशी, पण खालचा थर सर्वांत जाड त्यांचाच.

तंबूत शेगडी किंवा निखाऱ्यांचे घमेले कधीही नेऊ नये, अगदी विझत आलेले असले तरी. कोळशाच्या धुमसण्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. ऊब हवी असेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवावी, आणि झोपण्याआधी पोटभर जेवावे. पोपटी त्यासाठी छान आहे.

अंथरूण झटकण्याबद्दल महाडमध्ये वेगळे सांगावे लागू नये. १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी इथल्या लाल विंचवाच्या दंशाचा अभ्यास केला. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी लिहिले आणि प्राझोसिन या औषधाच्या उपचाराने असंख्य जीव वाचवले. विंचू थंडीत उन्हाळ्याइतके फिरत नाहीत, पण पेंढा, दगड आणि दिवसभर जमिनीवर पडलेली घोंगडी त्यांना आवडते. मण्यारही बहुधा जमिनीवर झोपलेल्यालाच रात्री चावते. अंथरूण निजायच्या वेळीच उलगडावे, झटकून घालावे, तंबूची चेन पूर्ण लावावी, आणि दंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा.

तंबूची जागा आधी ठरवणाऱ्यांनी फोनवर एक प्रश्न जरूर विचारावा: झोपायला खाली काय घालता? वर काय देता ते सगळेच हौसेने सांगतात. उत्तर हवेची गादी असे आले, तर माणशी एक फोमची पट्टी किंवा दोघांत एक दुहेरी घोंगडी घरून घेऊन जावी, आणि सकाळी ऊन आले की निघण्यापूर्वी ती कुंपणावर दोन्ही बाजूंनी वाळवावी.