रामल्लात परतलेले सूर

1998 च्या सुमारास पॅलेस्टाइनमधल्या रामल्ला शहरात एक पोस्टर लागलं होतं. त्यावर एकाच मुलाची दोन रूपं होती: आठ वर्षांचा असताना दगड भिरकावणारा आणि तरुणपणी व्हायोला वाजवणारा. हा रम्झी अबुरदवान. अल-अमारी निर्वासित छावणीत आजी-आजोबांकडे वाढलेला. दगडाचं छायाचित्र पहिल्या इंतिफादाच्या, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्ध डिसेंबर 1987 मध्ये पेटलेल्या उठावाच्या काळातलं. पुढे सोळा-सतराव्या वर्षी एका कार्यशाळेत त्याच्या हाती व्हायोला आला आणि मग फ्रान्समधल्या आँझे शहरात संगीत शिकण्याची शिष्यवृत्तीही मिळाली.

अशा कहाण्या बहुधा इथेच संपतात. पोरगा परदेशी गेला, त्याचं भलं झालं. छावणीतली बाकीची मुलं होती तिथेच राहतात. रम्झीने मात्र शिकत असतानाच, 2002 मध्ये, ‘अल कमन्दजाती’ ही संस्था काढली. 2005 मध्ये रामल्लाच्या जुन्या वस्तीतल्या एका डागडुजी केलेल्या दगडी वास्तूत तिची शाळा सुरू झाली. युरोपातून शिक्षक येऊन तिथे शिकवू लागले. व्हायोलिन, चेलोच्या जोडीला ऊद, कानून, नाय ही अरबी वाद्यंही शिकवली जात. पुढे जेनिनला शाळा निघाली, लेबनॉनमधल्या पॅलेस्टिनी छावण्यांतही वर्ग भरू लागले.

मुलं वाजवू लागली की वाद्यं बिघडतात. तारा तुटतात, लाकूड तडकतं. ती दुरुस्त करायला दर वेळी परदेशातून कारागीर कुठून आणणार? वस्तीतलाच एक मुलगा या कामात रमला. त्याने इटलीत आणि मग इंग्लंडमधल्या न्यूअर्कच्या व्हायोलिननिर्मिती विद्यालयात ही कारागिरी शिकून घेतली आणि परत येऊन रामल्लातच स्वतःचं दुकान थाटलं.

रम्झीची शाळा मुलांना गावातच शिकवते. संगीतातून तरुणांना घडवण्याचा जगभर गाजलेला प्रयोग मात्र वेगळ्या वाटेचा आहे. पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सईद आणि इस्रायली संगीतकार डॅनिएल बेरेनबॉइम यांनी 1999 मध्ये जर्मनीतल्या वायमारला अरब आणि इस्रायली तरुण वादकांना एकत्र आणलं. त्यातूनच ‘वेस्ट-ईस्टर्न दिवान’ हा वाद्यवृंद उभा राहिला. चेलोवादक यो-यो मा त्या पहिल्या शिबिरात होते. सईद यांनी सांगितलेला एक किस्सा मोठा बोलका आहे. अरबी संगीत फक्त अरबांनीच वाजवावं, असं ठणकावणारा एक मुलगा काही दिवसांनी चक्क यो-यो मा यांना चेलो अरबी सप्तकात कसा लावायचा ते शिकवत होता. अरबी मकामातले, म्हणजे रागासारख्या स्वररचनेतले, अधलेमधले स्वर पियानोच्या पट्ट्यांत सापडत नाहीत. हार्मोनियमवर श्रुती शोधणाऱ्या आपल्या रसिकांना ही अडचण वेगळी सांगायला नको.

ऑगस्ट 2005 मध्ये हा वाद्यवृंद रामल्लात वाजला. त्यासाठी स्पेनने वादकांना राजनैतिक पारपत्रं दिली, कारण इस्रायली नागरिकांना त्या शहरात जायला त्यांच्याच देशाची बंदी होती. बेथोव्हनची पाचवी सिम्फनी झाली, टाळ्या झाल्या. 2016 मध्ये बर्लिनमध्ये बेरेनबॉइम-सईद अकादमीही सुरू झाली. तिथे वाद्यासोबत तत्त्वज्ञान आणि इतिहासही शिकावा लागतो.

पण या वाटेवर आक्षेपही आहेत. एकाच स्टँडवरची स्वरलिपी वाचली म्हणून इस्रायली चौक्या, भिंती आणि ताबा नाहीसा होत नाही. उलट सगळं सुरळीत चालल्याचा आभास होतो, असं अनेक पॅलेस्टिनी म्हणतात. रम्झीही काही काळ या वाद्यवृंदात वाजवून बाहेर पडला. इस्रायली ताब्याविरुद्ध स्पष्ट बोललं पाहिजे, अशी त्याची भूमिका होती.

या दोन वाटा परस्परांच्या वैरी आहेत असं मानण्याचं कारण नाही. वायमार-बर्लिनची वाट गुणी मुलाला मोठं अंगण देते, परक्याशी बोलायला शिकवते. मात्र ती व्हिसा, देणगीदार आणि राजकारणाच्या मर्जीवर चालते. रामल्लाची वाट हळू आहे, पण तिच्यातून गावातच शिक्षक आणि कारागीर तयार होतात. 2023 पासूनच्या युद्धात गाझाच्या सीमा बंद झाल्या, बाहेरून कुणी शिकवायला येणं अशक्य झालं. तरी ‘एडवर्ड सईद राष्ट्रीय संगीत विद्यालया’च्या स्थानिक शिक्षकांनी तंबूंमध्ये मुलांचे वर्ग भरवले. संगीताच्या अशा देवाणघेवाणीचा हिशेब मांडताना किती मुलं बाहेर गेली एवढंच मोजून भागत नाही. बाहेरची मदत थांबल्यावरही शिकवू शकतील अशी किती माणसं मागे तयार झाली, हा आकडाही अशा संस्थांच्या वार्षिक अहवालात यायला हवा.